जोडीदाराला रायफल आणि शॉटगनची नेमबाजी शिकताना साथ कशी द्यावी

पती-पत्नींपैकी एकाला नेमबाजीची आवड असली की काही काळाने दुसऱ्यालाही रेंजवर यावेसे वाटते, आणि ही इच्छा जपायला हवी. ती टिकते की पहिल्या महिन्यातच विझते, हे पुष्कळदा आधीपासून नेमबाजी करणाऱ्या जोडीदाराच्या वागण्यावर ठरते. म्हणून मुख्य सूचना सुरुवातीलाच सांगते: तंत्र शिकवण्याचे काम प्रशिक्षकाकडे द्यावे आणि आपण सुरक्षितता, साहित्य, नोंदी आणि घरचा सराव एवढेच सांभाळावे. प्रशिक्षकाने “कोपर आत घ्या” म्हटले तर ती सूचना असते. तेच वाक्य घरच्या माणसाच्या तोंडून आले की त्याला घरातल्या इतर बोलण्याचा सूर चिकटतो, शिकणाऱ्याचे लक्ष कोपरावरून बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते आणि पुढची गोळी बिघडते. आपण कितीही चांगले नेमबाज असलो तरी हे टळत नाही. उलट आपण जितके चांगले, तितका आपला शब्द जोडीदाराला जड वाटतो.

ठाणे-नवी मुंबईच्या लोकांना प्रशिक्षणासाठी फार लांब जावे लागत नाही. अथेन्स २००४ च्या ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलला आहे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गावरची पनवेल लोकल साधारण तासाभरात तिथे पोहोचवते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची जुनी रेंज आहे. क्लब निवडताना घरापासूनचे अंतर पाहण्याआधी एकदा तिथे जाऊन शांतपणे बसावे आणि नवख्यांकडे प्रशिक्षक किती वेळ देतात, रेंजवरच्या आज्ञा सगळे पाळतात का आणि रिकाम्या रायफलीच्या नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची रंगीत खूण, दिसतो का, हे पाहावे. ज्या रेंजवर ही शिस्त ढिली दिसेल तिथे जोडीदाराला नेऊ नये, मग ती घराच्या शेजारी का असेना. पहिले काही महिने क्लबचीच रायफल वापरावी. खरेदीची घाई करू नये.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, पण तो वगळून चालणार नाही. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा साधारण ८ ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या सवलतीत बसते. विकत घेताना ओळखपत्र आणि पत्ता मात्र द्यावा लागतो आणि ती पावती रायफलीच्या पेटीतच ठेवावी. .२२ रायफल आणि बारा बोअरची शॉटगन ही शस्त्र कायदा, १९५९ खाली येणारी परवान्याची शस्त्रे आहेत. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, कुटुंबाच्या नावाचा नसतो. पतीकडे परवाना आहे म्हणून त्याची बंदूक पत्नीला वापरण्याचा अधिकार मिळत नाही, आणि उलटही नाही. ठाणे आणि नवी मुंबईत पोलीस आयुक्तालये असल्यामुळे परवान्याचा अर्ज आयुक्तालयाकडे जातो. परवाना मिळण्यापूर्वीचे शिक्षण मान्यताप्राप्त क्लबच्या रेंजवर, क्लबच्या शस्त्रावर आणि त्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. एअर रायफल विनापरवाना मिळते म्हणून सोसायटीच्या गच्चीवर कबुतरे, कावळे किंवा कुत्री यांच्यावर छरा मारून पाहणे हा गुन्हा आहे आणि क्रूरपणाही आहे. हे घरातल्या मुलांनाही स्पष्ट सांगावे.

डोळा, खांदा आणि मापे

पहिल्या दिवशी रायफल हातात देण्याआधी जोडीदाराचा प्रमुख डोळा कोणता आहे ते तपासावे. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांच्या मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचा दिवा किंवा दाराची कडी पाहावी, आणि मग एक-एक डोळा मिटून पाहावे. ज्या डोळ्याने ती कडी फटीत जागच्या जागी दिसत राहते तो प्रमुख डोळा. माझे यजमान उजव्या हाताने लिहितात, पण त्यांचा प्रमुख डोळा डावा निघाला. प्रशिक्षकांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात रायफल डाव्या खांद्याला लावायला सांगितले. सुरुवातीला ते फार अवघडले, तरी तोच निर्णय योग्य होता. उजव्या खांद्यालाच रायफल ठेवायची असेल तर डाव्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावता येते. ही सोय रायफलीला चालते. शॉटगनला दोन्ही डोळे उघडे लागतात, म्हणून पुढे शॉटगनकडे वळायचे असेल तर खांदा बदलण्याचा विचार आरंभीच करावा, कारण वर्षभराने बदलणे फार कठीण जाते.

मापाची गोष्टही अशीच आहे. घरात आधीपासून असलेली रायफल एका माणसाच्या अंगाला बसवलेली असते: दस्त्याची लांबी, गालाखालच्या फळीची उंची, मागच्या प्लेटचा कोन, सारेच. तीच तशीच जोडीदाराच्या हाती दिली तर त्याला मान पुढे ताणून साइटपर्यंत, म्हणजे नेम धरण्याच्या खुणेपर्यंत, पोहोचावे लागते, दहा मिनिटांत मानेला रग लागते आणि “हे मला जमणारे नाही” असे त्याला वाटू लागते. खरे तर बिघाड रायफलीच्या मापात असतो. डोके सरळ राहून गाल फळीवर सहज टेकला पाहिजे आणि डोळा आपोआप मागच्या साइटच्या छिद्रासमोर यायला हवा. स्पर्धेची एअर रायफल ५.५ किलोपर्यंत जड असू शकते. नवख्याला त्याहून हलकी द्यावी आणि जिथे सोय असेल तिथे पहिले काही दिवस ती स्टँडवर टेकवून नेम धरू द्यावा.

कपड्यांचाही विचार करावा. सैल ओढणी, लोंबती टोके आणि हातातल्या बांगड्या रेंजवर नकोत. मंगळसूत्र जॅकेटच्या आत असावे, केस मानेशी खाली बांधावेत, कारण गालाजवळ आलेला अंबाडा किंवा क्लिप डोके दस्त्यावर नीट टेकू देत नाही. कॅनव्हासचे जाड जॅकेट मे महिन्याच्या ठाण्यातल्या दमट हवेत अंगावर भट्टीसारखे तापते. दर दहा-पंधरा गोळ्यांनंतर ते सैल करून पाणी प्यावे. पायांत सपाट तळाचे बूट हवेत, चपला नकोत.

लेनवर आपण कुठे उभे राहावे

नवख्याच्या हातून होणारा सर्वांत धोक्याचा प्रकार अगदी साधा असतो. गोळी चांगली लागते, तो आनंदाने जोडीदाराकडे वळतो आणि त्याच्या अंगाबरोबर नळीही वळते. यासाठी रेंजवर जाण्यापूर्वी घरीच एक नियम पक्का करावा: आधी रायफल टेबलावर, मग हात मोकळे, मग मान वळवायची. आणि आपणही आपला नियम पाळावा. जोडीदाराच्या हातात रायफल असताना मागून “अहो, ऐका ना” किंवा “अगं, बघ” अशी हाक मारायची नाही, कारण घरातल्या हाकेला वळून पाहण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. अपवाद एकाच शब्दाचा, “थांब”, आणि तो खरा धोका दिसला तरच. हा शब्द ऐकताच बोट चापावरून बाजूला जाईल आणि नळी लक्ष्याच्या दिशेनेच राहील, हे रिकाम्या हातांनी चार वेळा करून घ्यावे.

बाकीचे नियम जगभर सारखेच आहेत आणि त्यांत सवलत नसते. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला असावी. नेम पूर्ण होईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर असावे. लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असावे. .२२ ची छोटी गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, हा आकडा जोडीदाराला जरूर सांगावा, म्हणजे मागच्या मातीच्या बांधाला एवढे महत्त्व का, हे त्याला समजते. .२२ च्या रेंजवर कानांना मफ आणि डोळ्यांना चष्मा दोघांनीही लावावा, फक्त गोळी झाडणाऱ्याने नव्हे.

पहिल्या महिन्यांत काय पाहावे

तंत्र प्रशिक्षक शिकवतील, पण ते कोणत्या क्रमाने येते हे आपल्याला ठाऊक असले तर आपण अकारण घाई करत नाही. आधी उभे राहणे येते. उजव्या खांद्याच्या नेमबाजाची डावी बाजू लक्ष्याकडे असते, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलीचा भार हातांच्या स्नायूंऐवजी हाडांवरून जमिनीपर्यंत उतरतो. पवित्रा घेऊन डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, डोळे उघडावेत. रायफल लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेली दिसली तर तिला हातांनी ओढून आणू नये, पाय सरकवावेत. नवख्यांच्या बऱ्याच विखुरलेल्या गोळ्यांचे कारण इथेच असते.

मग साइट. पुढच्या साइटचे कडे आणि त्यात दिसणारे लक्ष्याचे काळे वर्तुळ यांच्यामध्ये सगळीकडे सारखी पांढरी फट दिसायला हवी आणि नजर कड्यावर असावी. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून नवखा त्याच्याकडे टक लावून पाहू लागतो आणि कडे विसरतो. श्वास अर्धा सोडून थांबवावा, पाच ते आठ सेकंदांत चाप हळूहळू, सरळ मागे दाबला जावा. तेवढ्या वेळात गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी. रायफल खाली घेणे हे नेमबाजीतले एक शहाणपणाचे कौशल्य आहे आणि जोडीदाराने ते केले की त्याचे कौतुक आवर्जून करावे, कारण बहुतेकांना ते कमीपणाचे वाटते. गोळी सुटल्यावरही क्षणभर तशाच स्थितीत राहून साइटकडे पाहत राहायचे असते. त्याला रेंजवर फॉलो थ्रू म्हणतात.

या काळात गुण मोजू नयेत. पाच-पाच गोळ्यांचा ग्रुप पाहावा. पाचही गोळ्या नाण्याएवढ्या जागेत, पण लक्ष्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात लागल्या असतील, तर ते उत्तम नेमबाजीचे लक्षण आहे. साइटच्या दोन-चार क्लिकने तो ग्रुप मध्यभागी आणता येतो. एक गोळी दहात आणि बाकीच्या चार चहूकडे, हे मात्र अजून काही बसलेले नसल्याचे लक्षण. जोडीदार दहाची गोळी दाखवून खूश होतो तेव्हा त्याचा आनंद मोडू नये, पण नोंदवहीत ग्रुपचाच आकार लिहावा. त्या वहीत तारीख, साइटची जागा, ग्रुपचे छोटे चित्र आणि शिकणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत एखादी ओळ, एवढे पुरे. वही त्याची असावी. आपण केवळ मागितल्यावर पेन द्यावे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून अनेक जण थेट .२२ कडे जायला निघतात. हा उत्साह चांगला आहे, पण गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या त्या प्रकाराचा पाया एअर रायफलवरच पक्का होतो. आधी वर्षभर १० मीटरवर थांबावे, असे माझे ठाम मत आहे.

फ्लॅटमधला सराव

फ्लॅटमध्ये १० मीटरचे सुरक्षित अंतर मिळणे अवघड असते आणि मिळाले तरी छरा सोडू नये. घरचा सराव म्हणजे छऱ्याशिवायचा सराव. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून, एअर रायफलीला ड्राय फायरची सोय असेल तर तीच वापरून, चाप सुटताना पुढचे कडे हलते का, एवढेच पाहायचे. पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस, याने रेंजवरच्या पुष्कळ गोळ्यांचे काम होते. .२२ रायफलीवर मात्र रिकामा चाप ओढू नये. तिची पिन काडतुसाच्या कडेवर आदळण्यासाठी बनवलेली असते आणि काडतूस नसताना ती चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) काठावर आदळून दोन्हींचे नुकसान करू शकते.

सराव सुरू करण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्रपणे नळी रिकामी असल्याची खात्री करावी, छऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवावी आणि खिडकीचे पडदे ओढावेत. समोरच्या इमारतीतल्या शेजाऱ्याला आपल्या हातातली वस्तू बंदूक म्हणूनच दिसणार. घरात मुले असतील तर सराव संपताच रायफल कुलपात जायला हवी, चहा घेऊन झाल्यावर नव्हे.

शॉटगन: सवयी उलट्या

रायफल येणारा माणूस जोडीदाराला शॉटगन शिकवू लागला की तो हटकून चुकीचे शिकवतो, कारण दोन्हींच्या सवयी परस्परविरोधी आहेत. रायफलीत शरीर स्थिर, नजर साइटवर आणि चाप हळू. शॉटगनमध्ये अंग फिरते, दोन्ही डोळे उघडे आणि नजर उडत्या चकतीवर, आणि चाप फिरणे न थांबवता एका झटक्यात ओढायचा. “श्वास रोख, हळू दाब” ही रायफलीतली उत्तम सूचना शॉटगनवर नेमबाजाला चकतीच्या मागे ठेवते. म्हणून इथे आपण आणखी गप्प राहावे.

ट्रॅपमध्ये चकत्या नेमबाजापासून दूर उडतात. स्कीटमध्ये दोन घरांतून, एक उंच आणि एक बुटके, आडव्या येतात. मातीची ही चकती ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची असते. तिच्यासाठी मोठे मोकळे मैदान लागते, त्यामुळे दाट वस्तीच्या शहरात ही रेंज सहसा बसत नाही. दिल्लीत तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंजवर दोन्ही प्रकारांची सोय आहे. तेव्हा रायफलीचे वर्ष इथे पूर्ण करून मग शॉटगनसाठी सुट्टीत काही दिवसांचे शिबिर योजावे.

त्याची तयारी घरी काठीने होते. खरी शॉटगन त्यासाठी लागत नाही. बंदुकीएवढ्या लांबीची काठी घेऊन, ती कमरेपासून उचलून आधी गालाला आणि मग खांद्याला लावायची. खांद्याला आधी लावून डोके खाली वाकवायचे नाही. हे सहज येऊ लागले की भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून काठीचे टोक एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश फिरवावे. टोक रेषा सोडून वर-खाली गेले तर अंग कमरेतून न फिरता केवळ हात फिरत आहेत असे समजावे.

रेंजवर पहिली चकती स्कीटच्या सातव्या जागेवरून, बुटक्या घरातली मागावी. ती जवळपास सरळ समोर जाते आणि नवख्यालाही फुटते. पहिल्याच दिवशी काही चकत्या फुटताना दिसणे फार महत्त्वाचे आहे. काडतूस २४ ग्रॅम छऱ्यांचे असावे, शिकारीसाठीचे जड नव्हे, आणि बंदूक हलकी नसावी. लोकांना उलटे वाटते, पण हलकी बंदूक अधिक जोराने लाथ मारते. पुढच्या पायावर थोडा भार, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट आणि त्या जागी कपड्याची जाड शिवण, बक्कल किंवा पट्टा नको. तिथेच काळे-निळे वळ उठतात. पहिल्या दिवशी एक फेरी, म्हणजे २५ काडतुसे, पुरे होतात. खांदा दुखू लागला की माणूस गोळी सुटण्याआधीच दचकायला शिकतो आणि ती सवय मोडायला महिने जातात. चकती चुकली की डोके दस्त्यावरून उचलले गेले का, हे प्रशिक्षक सर्वांत आधी पाहतात. आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही वापरावेत.

छऱ्यांमध्ये शिसे असते. पेलेट, म्हणजे एअर रायफलीचा छरा, ओठांत धरून लोड करण्याची वाईट सवय काही जणांना लागते. ती पहिल्याच दिवशी थांबवावी. रेंजवरून बाहेर पडताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये आणि रेंजचे कपडे मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. गर्भारपणात आणि बाळाला दूध पाजण्याच्या काळात गोळीबार थांबवावा, कारण शिसे आईकडून बाळापर्यंत पोहोचते. त्या महिन्यांत छऱ्याशिवायच्या सरावाबाबत डॉक्टरांना विचारावे.

ठाण्या-पनवेलच्या पावसाळ्यात घामट हातांचे ठसे नळीवर एका रात्रीत गंज धरतात. घरी येताच पातळ तेलाच्या फडक्याने नळी आणि लोखंडी भाग पुसावेत, आणि रायफल फोमच्या बंद पेटीत आठवडाभर ठेवू नये, कारण फोम ओलावा धरून ठेवतो. पेटी अधूनमधून उघडून वाळवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात. ही निगा शिकणाऱ्यालाच करू द्यावी, म्हणजे शस्त्र उघडणे, रिकामे असल्याची खात्री करणे आणि बंद करणे त्याच्या हाताला बसते.

क्लबची पहिली स्पर्धा येईल तेव्हा प्रेक्षकांत अशा जागी बसावे, जिथून जोडीदाराला आपला चेहरा दिसणार नाही. फेरी संपली की आधी त्याला स्वतःच्या वहीत लिहू द्यावे, आणि त्याने विचारले तरच आपले निरीक्षण सांगावे, तेही त्या दिवशी एकच.